वाट किती वर्षे पाहावी?

१७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाचा पराभव झाला आणि तहात जो मुलूख मराठ्यांच्या पदरात पडला, त्यात अशीरगड, दौलताबाद यांच्याबरोबर तापीकाठचे बऱ्हाणपूरही होते. ही लढाई जिंकणारे सदाशिवराव भाऊ लगेचच मोठी फौज घेऊन उत्तरेकडे निघाले. नुकत्याच मिळालेल्या याच बऱ्हाणपुरावरून फौज हांडियाला गेली आणि नर्मदा ओलांडून पुढे सरकली. भाऊंबरोबर त्यांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊ लढाईच्या गर्दीत शिरले आणि दिसेनासे झाले. पार्वतीबाई जिवंत परतल्या.

रणांगणावर भाऊंचे शव सापडले, ओळख पटवून त्याला अग्नी दिला, असे लिहून ठेवणारे काशीराजासारखे लोक होते. पार्वतीबाईंनी ते मानले नाही. त्यांनी सौभाग्यलेणी उतरवली नाहीत, वैधव्य स्वीकारले नाही. ‘भाऊ जिवंत आहेत’ ही आशा केवळ त्यांच्याच घरात नव्हती. म्हणून तर पुढे एका तोतयाला तिचा फायदा घेता आला. स्वतःला भाऊसाहेब म्हणवणाऱ्या त्या माणसाने फौज जमवली, कोकणात बंड उभे केले आणि १७७६ मध्ये पुण्यात चौकशी होऊन त्याला देहान्ताची शिक्षा झाली. राज्याच्या दृष्टीने तोतयाचा निकाल लागला. पार्वतीबाई सधवा की विधवा, याचा निकाल मात्र कोणत्याही दरबारात लागण्यासारखा नव्हता.

पेशव्यांच्या घरातली गोष्ट म्हणून ती इतिहासात राहिली. पानिपतानंतर अशा अवस्थेत राहिलेल्या शिलेदारांच्या, बारगिरांच्या, बुणग्यांच्या बायका किती होत्या, त्यांची नावे कुठेच नाहीत. आणि हा प्रश्न काही पानिपताबरोबर संपला नाही. भाऊंची फौज ज्यावरून गेली ते बऱ्हाणपूर आज यंत्रमागांचे गाव आहे. यंत्रमागाचे काम जाणणारा माणूस भिवंडी, मालेगाव, सुरत, कुठेही पोट भरू शकतो. खकनार-नेपानगरच्या बाजूची कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला महाराष्ट्रात उतरतात. गेलेला माणूस बहुतेक वेळा परत येतो. कधी येत नाही. आधी पैसे थांबतात, मग फोन लागत नाही, मग बरोबर गेलेला कोणी सांगतो की तो तिथून केव्हाच निघून गेला. त्यानंतर ती बाई रेशनकार्डावर विवाहित असते, घरात एकटी असते आणि शेजारणींच्या बोलण्यात ‘टाकलेली’ असते.

विवाह दोघांचा असतो. त्यातला एक समोर नाही आणि मेल्याचीही खबर नाही, तेव्हा तो विवाह उरतो का? उरत असेल तर कुठवर? आणि तो संपला हे सांगण्याचा अधिकार कोणाचा? प्रत्येक धर्माला या प्रश्नाला सामोरे जावे लागले आहे. अनेकांनी त्याचे उत्तर वर्षांच्या भाषेत दिले आहे, ही त्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट. श्रद्धेच्या प्रांतात अचानक हिशेब येतो.

मनूचा हिशेब असा: नवरा धर्मकार्यासाठी परदेशी गेला असेल तर आठ वर्षे, विद्येसाठी किंवा कीर्तीसाठी गेला असेल तर सहा, आणि सुखोपभोगासाठी गेला असेल तर तीन वर्षे वाट पाहावी. त्यानंतर काय, हे मनू सांगत नाही. टीकाकारांनी ती रिकामी जागा आपापल्या परीने भरली. कुल्लूक म्हणतो, त्यानंतर तिने नवऱ्याकडे जावे. ज्याचा ठावठिकाणाच नाही त्याच्याकडे कसे जायचे, हा प्रश्न मात्र तो विचारत नाही.

नारदस्मृती जास्त स्पष्ट बोलते. ब्राह्मण स्त्रीने आठ वर्षे थांबावे, मूल नसेल तर चार. मग तिने दुसऱ्याचा आश्रय करावा. क्षत्रिय आणि वैश्य स्त्रीला मुदत कमी होत जाते, शूद्र स्त्रीला ठरावीक मुदतच नाही. नवरा जिवंत असल्याचे ऐकिवात असेल तर मुदत दुप्पट. वर्ण जितका वरचा तितके थांबणे लांब. प्रतिष्ठेची किंमत बाईच्या वर्षांनी मोजली जात होती, हे यातून स्वच्छ दिसते. कौटिल्य तर आणखी पुढे जातो. ठरलेला काळ संपल्यावर धर्मस्थांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, मोकळी केलेली स्त्री इच्छेप्रमाणे विवाह करू शकते, असे तो सांगतो, आणि तिचा संततीयोग्य काळ वाया घालवणे ही धर्माचीच हानी मानतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यशास्त्राच्या ग्रंथात न्यायालयाच्या परवानगीने होणारी ही सुटका वाचताना आजचा वकीलही थबकेल.

आणि पराशरस्मृती. तिच्यात स्त्रीवरच्या पाच आपत्ती सांगितल्या आहेत, ज्यांत दुसरा पती विहित आहे: नवरा बेपत्ता होणे, मरणे, संन्यास घेणे, नपुंसक असणे, पतित होणे. या यादीत मरणाच्याही आधी बेपत्ता होणे आहे. पराशर हा कलियुगाचा स्मृतिकार मानला जातो, तरीही त्याच्यावर भाष्य लिहिणाऱ्या माधवाचार्यांनी ही मुभा दुसऱ्या युगातली ठरवली. दार स्मृतीने उघडे ठेवले होते, भाष्याने ते लावून घेतले.

महाभारतातल्या नलोपाख्यानात याचा एक जिवंत पुरावा आहे. नळ दमयंतीला रानात सोडून गेला, त्याचा पत्ता नाही. त्याला शोधून काढण्यासाठी दमयंती अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे निरोप धाडते की नळ जिवंत आहे की नाही हे कळत नाही, म्हणून ती पुन्हा स्वयंवर करणार आहे. ती युक्ती होती, हे सर्वांना ठाऊक आहे. पण युक्ती चालली कशी? ऋतुपर्णाला हा निरोप अधर्माचा वाटला नाही, तो घाईघाईने रथ जोडून निघाला. बेपत्ता राजाची राणी दुसरे स्वयंवर मांडू शकते, हे त्या कथेच्या जगात पटण्याजोगे होते. दमयंतीच्या पातिव्रत्याचे गोडवे गाणाऱ्यांनी या तपशिलाकडे फार कमी पाहिले.

मध्ययुगातल्या निबंधकारांनी बेपत्ता माणसाचा प्रश्न कर्मकांडाने सोडवला. बारा वर्षे खबर नसली की पळसाच्या तीनशे साठ देठांचा पुतळा करून त्याचे दहन करायचे, मग और्ध्वदेहिक. त्यानंतर तो माणूस खरोखरच परत आला तर? त्याचीही सोय आहे. त्याला तुपाने न्हाऊ घालायचे, जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे आणि त्याने आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचे. म्हणजे मेलेला माणूस नव्याने जन्मतो आणि जुना विवाह संपलेला असतो. या विधीमागचे तत्त्व धाडसी आहे: मृत्यू हा देहाचा असतो तसा समाजाच्या निर्णयाचाही असू शकतो. पण वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या बाईला या विधीने दिले काय? पुतळा जळाला त्या दिवशी ती विधवा झाली. कुंकू गेले, केस गेले, आणि दुसऱ्या लग्नाची वाट तशीच बंद राहिली. नवऱ्याच्या आत्म्याला गती मिळाली. तिची गती कोणी विचारली नाही.

एकोणिसाव्या शतकात पराशराचे ते वचन पुन्हा बाहेर निघाले. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ मध्ये त्याच्याच आधारावर विधवाविवाहाची बाजू मांडली आणि १८५६ मध्ये कायदा झाला. विष्णुशास्त्री पंडितांनी विद्यासागरांचे पुस्तक मराठीत आणले, १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे मोठा वाद झाला. सुधारक आणि सनातनी अनेक दिवस एका श्लोकावर झुंजले. झुंज होती ती यादीतल्या दुसऱ्या आपत्तीसाठी. पहिल्या आपत्तीतली बाई त्या सभेत कोणाच्याच बाजूला नव्हती. १८५६ चा कायदा विधवेचा होता, आणि बेपत्ता नवऱ्याची बायको विधवा नव्हती. सुधारकांच्या कामाचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. विधवांचे दुःख डोळ्यांसमोर होते, न्हाव्यापुढे बसवलेल्या मुलींच्या रूपात ते घरोघर दिसत होते. ताटकळणाऱ्या बाईचे दुःख दिसत नाही, कारण ती कुंकू लावून हिंडते.

इस्लामी शास्त्रातही हाच पेच आहे, आणि तिथे बऱ्हाणपूरचा संबंध थेट लागतो. औरंगजेबाच्या आज्ञेने हनफी पंथाच्या निर्णयांचा जो प्रचंड संग्रह झाला, तो ‘फतावा-ए-आलमगिरी’ तयार करणाऱ्या विद्वानांच्या मंडळाचे प्रमुख होते शेख निजाम, बऱ्हाणपूरचे. त्या ग्रंथात बेपत्ता माणसावर स्वतंत्र प्रकरण आहे. निर्णय असा की त्याला आणि त्याच्या बायकोला विभक्त करता येत नाही. तो जन्मल्यापासून नव्वद वर्षे झाली की त्याला मृत समजावे. नवरा तिशीत गेला तर बायकोने साठ वर्षे थांबायचे. यामागे क्रूरपणा होता असे म्हणता येणार नाही. निश्चित होते ते संशयाने मोडत नाही, या तत्त्वाला ती परंपरा काटेकोर धरून होती: निकाह झाला हे निश्चित, मृत्यू झाला हा संशय. तर्क निर्दोष आहे. फक्त त्या तर्कात बाईचे वय कुठे मोजलेले नाही.

मालिकी पंथाने दुसरा मार्ग धरला होता. खलिफा उमर यांच्या निर्णयाचा आधार घेऊन तो म्हणतो, चार वर्षे थांबावे, मग विधवेची इद्दत, चार महिने दहा दिवस, आणि मग ती मोकळी. हिंदुस्थानातले बहुसंख्य मुसलमान हनफी, त्यामुळे हा मार्ग इथे शेकडो वर्षे ग्रंथातच राहिला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी तो उघडला. पंजाबात नवऱ्याच्या तावडीतून सुटण्यासाठी बायका धर्म सोडू लागल्या होत्या, आणि त्याने थानवींसारखा कर्मठ आलिमही अस्वस्थ झाला. त्यांनी मदिनेच्या मालिकी विद्वानांशी विचारविनिमय केला आणि ‘अल-हीलतुन नाजिजा’ या पुस्तकात मांडले की गरजेच्या वेळी हनफी काजीही मालिकी मत स्वीकारू शकतो. त्यातूनच १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. त्याच्या दुसऱ्या कलमातले पहिलेच कारण हे आहे: नवऱ्याचा ठावठिकाणा चार वर्षे माहीत नसणे. नवऱ्याच्या वारसांना नोटीस द्यावी लागते, त्याचा चुलता आणि भाऊ असेल तर त्यांना पक्षकार करावे लागते, आणि हुकूमनामा झाल्यावरही तो सहा महिने अमलात येत नाही. तेवढ्यात नवरा हजर झाला आणि संसाराची जबाबदारी घेण्याची तयारी त्याने न्यायालयाला पटवून दिली, तर हुकूमनामा रद्द. शेख निजामांच्या ग्रंथातल्या नव्वद वर्षांपासून या चार वर्षांपर्यंतचा प्रवास धर्माच्या आतूनच झाला. एका कर्मठ आलिमाने तो घडवला, आणि धर्म बदलू शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला जरूर लक्षात घ्यावा.

मराठी माणसाच्या धार्मिक स्मृतीत मात्र बेपत्ता नवऱ्याची एक कथा फार खोल रुजलेली आहे, आणि ती बऱ्हाणपूरच्या मराठी घरांत तर शेजारची आहे. इच्छापूरच्या रस्त्याने खाली उतरले की मुक्ताईनगर येते. तिथल्या मुक्ताईची आई रुक्मिणीबाई. आळंदीच्या सिद्धोपंतांची ही लेक. तिचा नवरा विठ्ठलपंत काशीला गेला आणि संसार नसल्याचे भासवून त्याने संन्यास घेतला. परंपरा सांगते की रुक्मिणीबाईंनी बारा वर्षे आळंदीच्या पिंपळाला प्रदक्षिणा घातल्या. मग काशीचे गुरू आळंदीला आले, त्यांनी नमस्कार करणाऱ्या सुवासिनीला पुत्रवतीचा आशीर्वाद दिला, आणि खरा प्रकार कळल्यावर शिष्याला परत घरी धाडले. चार मुले झाली, ज्ञानदेव त्यांतले दुसरे आणि मुक्ताई सर्वांत धाकटी. नंतर ब्रह्मवृंदाने दिलेले देहान्त प्रायश्चित्त दोघांनी घेतले.

कीर्तनात हा प्रसंग रंगतो तो निष्ठेचे फळ म्हणून. पण त्यातला दोष कोणाचा होता, हे गुरूने एका क्षणात ओळखले, ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बायकोची संमती खरेपणाने न घेता घेतलेला संन्यास त्याने संन्यास मानला नाही. मोक्षाची इच्छासुद्धा दुसऱ्याच्या आयुष्याला अधांतरी टांगून पुरी करता येत नाही, हा त्या निर्णयाचा अर्थ. शिक्षा मात्र ब्रह्मवृंदाने दोघांना दिली, टाकणाऱ्याला आणि टाकलेलीलाही.

शेतकरी आणि कारागीर जातींनी इतका घोळ घातला नव्हता. पाट, म्होतूर, गंधर्व, काडीमोड हे शब्द खानदेशात आणि निमाडात सर्रास होते. जातपंचायत बसे, नवऱ्याची वाट पाहून झाली असे ठरवी आणि बाई दुसरे घर करी. इंग्रजी न्यायालयांनी ही वाट अरुंद केली. १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले की नवरा हयात असताना त्याच्या संमतीशिवाय बाईला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीला अधिकार नाही. पंचायतींचा जुलूम पाहता या निर्णयाची एक बाजू समजते. पण नवऱ्याची संमती आणायची, तर नवरा सापडायला हवा. पंचायतीचे दार बंद केले आणि न्यायालयाचे उघडले नाही, अशी ती स्थिती पुढे कित्येक दशके राहिली. बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये केला. बऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात होते, मुंबईचा कायदा तिथे लागू नव्हता. भुसावळची बाई घटस्फोट मागू शकत होती, काही स्टेशने पलीकडची बऱ्हाणपूरची नाही. तिला १९५५ पर्यंत थांबावे लागले.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पराशराच्या यादीतली दोन नावे जवळजवळ जशीच्या तशी आढळतात. तेराव्या कलमात, जोडीदाराने संन्यास घेऊन संसार सोडणे हे घटस्फोटाचे एक कारण, आणि सात वर्षे तो जिवंत असल्याचे कानावर न येणे हे दुसरे. कानावर न येणे म्हणजे कोणाच्या? तो जिवंत असता तर ज्यांना साहजिकच कळले असते, त्यांच्या: आई, बाप, भाऊ, जिवलग. कारण नवऱ्यालाही तितकेच लागू आहे, बेपत्ता बायकोचा नवराही याच दाराशी येतो. अर्ज बाई स्वतः राहते तिथल्या न्यायालयात करू शकते. पोलिसातली बेपत्ता तक्रार, नातेवाइकांना धाडलेली पत्रे, शोधाशोधीचे पुरावे मांडावे लागतात. समन्स बजावता येत नाही म्हणून न्यायालयाच्या परवानगीने ते त्याच्या शेवटच्या राहत्या घरावर डकवतात, त्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात जाहिरात देतात. तो आला नाही की एकतर्फी सुनावणी होते.

हे ऐकायला सोपे आहे. पण या कायद्यात एक नैतिक अडचण दडलेली आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. सात वर्षे थांबायचे नसेल तर दुसरे कारण आहे: दोन वर्षांचा परित्याग. त्यासाठी बाईला शपथेवर सांगावे लागते की त्याने तिला सोडण्याच्या हेतूनेच सोडले. ज्या माणसाचे काय झाले हेच कळलेले नाही, जो कदाचित कुठल्या रेल्वेरुळावर किंवा बेवारस म्हणून एखाद्या इस्पितळात संपला असेल, त्याच्यावर ती हा आरोप कसा ठेवणार? आणि सात वर्षांच्या मार्गाने गेली, तर तिला त्याच्या मृत्यूच्या गृहीताशी आपली सुटका जोडावी लागते. ‘त्याने मला टाकले’ किंवा ‘तो मेल्यातच जमा’ यांतले एक वाक्य तिने बोलायचे. ‘त्याचे काय झाले ठाऊक नाही, आणि आता मला जगायचे आहे’ हे तिसरे, खरे वाक्य कायद्याच्या एकाही कलमात बसत नाही. विवाह सावरण्यापलीकडे मोडला, एवढ्या कारणावरून घटस्फोट देण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःपुरता मान्य केला, पण तो संविधानाच्या १४२ व्या अनुच्छेदाखालचा. जिल्ह्याच्या न्यायालयाकडे तो नाही.

घटस्फोट आणि मृत्यूची घोषणा या दोन वेगळ्या वाटा आहेत, हेही बहुतेकींना कोणी सांगत नाही. दिवाणी दाव्यात नवरा मृत मानला गेला तर ती विधवा, तिला वारसा मिळतो, विम्याचा हक्क सांगता येतो. घटस्फोट घेतला तर ती पुढच्या लग्नाला मोकळी, पण त्याची वारस उरत नाही. पुराव्याच्या कायद्यातले जुने १०८ वे कलम, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे १११ वे, सात वर्षांनंतर मृत्यूचे गृहीतक मान्य करते. पण तो केव्हा मेला हे ते सांगत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात स्पष्ट केले आहे. तारीख वेगळी सिद्ध करावी लागते. त्यामुळे कोणती वाट धरायची, हे अर्ज टाकण्याआधीच ठरवायला हवे.

आणि हा सात वर्षांचा आकडा आला कुठून? मनूकडून नाही, नारदाकडून नाही, इमाम मालिकांकडूनही नाही. तो इंग्लंडच्या १६०४ च्या द्विभार्याविरोधी कायद्यातला आहे. समुद्रापार गेलेल्या माणसाची खबर यायला वर्षे लागत, त्या जहाजांच्या काळातला. तो भारतीय दंडसंहितेत आला, पुरावा कायद्यात आला, हिंदू, ख्रिस्ती, पारशी आणि विशेष विवाह या सगळ्या कायद्यांत शिरला. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेला कायदा खबर नसलेल्या जोडीदारासाठी चारच वर्षे सांगतो. बऱ्हाणपूरच्या एकाच मोहल्ल्यात, एकाच यंत्रमागावर काम करणारे एक मुसलमान आणि एक हिंदू असे दोन शेजारी एकाच दिवशी बेपत्ता झाले, तर एकाची बायको चार वर्षांनी अर्ज करू शकते, दुसरीचा या कारणावरचा अर्ज सात वर्षांनी. या तीन वर्षांच्या फरकाला कोणत्याही धर्माचा आधार नाही. चार वर्षे सर्वांना पुरेशी आहेत. खिशात फोन आणि बँकेत आधार जोडलेला असण्याच्या काळात तर निश्चितच.

धर्मशास्त्राचा हट्ट निश्चिततेचा असतो आणि अनिश्चिततेची भीती खोटी नाही, हे मान्य करायला हवे. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली यहुद्यांना ते इस्रायलमध्ये गेल्यावर अनुभवास आले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या पूर्वजांचे घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्रोक्त होते का, असा संशय घेऊन त्यांच्या लग्नांत अडथळे आणले. त्यांना आंदोलन करावे लागले, १९६४ मध्ये संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केल्यावर ते शमले. आजीचा विवाह नीट सुटला नसेल तर नातवंडाच्या लग्नावर सावट, असा तो धाक. गंमत नव्हे, तर विचार करण्याजोगी गोष्ट अशी की याच यहुदी परंपरेने बेपत्ता नवऱ्याच्या बाबतीत पुराव्याचे नियम मुद्दाम सैल केले. एरवी दोन साक्षीदार लागतात, इथे एकाची साक्ष चालते, बाईची स्वतःचीही. ती अडकून राहू नये, हे कारण त्यांनी उघड लिहून ठेवले.

सर्वांत मोठी भीती तो परत आला तर, ही. कारगिलच्या वेळी बेपत्ता झालेला उत्तर प्रदेशातला एक जवान २००४ मध्ये पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटून आला. त्याच्या पत्नीने मधल्या काळात दुसरा निकाह केला होता, ती गरोदर होती. गावाची पंचायत, आलिम, दूरचित्रवाणीचे कॅमेरे सगळे जमले आणि पहिला निकाह कायम आहे असे ठरून तिला पहिल्या घरी पाठवण्यात आले. २००६ च्या सुरुवातीला, ऐन तारुण्यात ती वारली. त्या चर्चेत तिला काय हवे, हा प्रश्न सर्वांत शेवटी आणि सर्वांदेखत विचारला गेला. पळसाच्या पुतळ्याचा जुना विधी याहून शहाणा होता: परतणाऱ्याने नव्याने लग्न लावायचे होते, म्हणजे जुन्या हक्काने दार ठोठावायचे नव्हते.

वाट पाहणे खोटे नाही. ५ डिसेंबर १९७१ ला फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान पाकिस्तानात पडले. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. पकडलेल्या वैमानिकांत त्यांच्या नावाशी जुळणारे नाव तिथल्या वृत्तपत्रात छापून आले होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय विजेत्या बॅडमिंटनपटू होत्या. त्यांनी दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली, दुसरे लग्न केले नाही, मंत्रालयांचे उंबरे झिजवले, आणि २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांबरोबर पाकिस्तानातल्या तुरुंगांपर्यंत जाऊन आल्या. या प्रतीक्षेपुढे कोणाचीही मान लवेल. पण ती लवते, कारण ही वाट त्यांनी स्वतः पाहिली. त्यांना कोणी थांबवले नव्हते. पार्वतीबाईंच्या बाबतीत हे म्हणता येत नाही. त्यांना दुसरे काही करण्याची मुभाच नव्हती, म्हणून त्यांच्या निष्ठेला आपण खरे मोलही देऊ शकत नाही. जिच्यापुढे दुसरी वाट खुली आहे, तिचेच थांबणे व्रत ठरते. दार लावून घेतलेल्या घरातले थांबणे ही कैद आहे, आणि कैदेला पातिव्रत्य म्हणणाऱ्या धर्मशास्त्राने मनू, नारद, पराशर यांच्यापेक्षाही मागे पाऊल टाकले आहे.

कायद्याने मोठी जबाबदारी एका ठिकाणी ठेवली आहे आणि ती बाईच्या हातात नाही. ज्यांना साहजिकच कळले असते, ते लोक म्हणजे तिची सासू, सासरा, दीर. १९३९ च्या कायद्यात चुलता आणि भाऊ. खटला अडतो तो बहुतेकदा इथेच. मुलगा मेल्यासारखे बोलायचे नाही म्हणून आई कोर्टात येत नाही. वाटणी मागेल म्हणून दीर येत नाही. कधी मुलगा कुठे आहे हे घराला ठाऊक असते आणि घर गप्प राहते. या घरांना एकच विनंती आहे. मुलाची आशा सोडू नका, त्याच्या नावाने दिवा लावा, नवस बोला. पण सुनेने अर्ज केला तर न्यायालयात जा आणि जे खरे आहे ते सांगा: इतकी वर्षे झाली, आम्हाला काहीच कळलेले नाही. जातीच्या आणि जमातीच्या पंचांनीही तिला पंचायतीत बोलावण्यापेक्षा जिल्हा न्यायालयातल्या विधिक सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवावा. तिथे महिलेला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.